रेखाटन जिवंत वाटते, रंगवल्यावर मात्र मळकट होते: पेन्सिलीच्या स्केचवरून डिजिटल कल्पनाचित्र रंगवताना

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे हे उत्तर नेमके कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही ऐरोलीला राहता. खाडीकाठच्या पडक्या बुरुजावर बसलेला शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) आणि त्याच्यासमोर कंदील धरून उभी असलेली परकर-पोलक्यातली लहान मुलगी, असे पावसाळ्यातील तिन्हीसांजेचे कल्पनाचित्र तुम्ही ए४ कागदावर पेन्सिलीने काढले, स्कॅन केले आणि क्रिटा या चित्रकलेच्या संगणक-प्रणालीमध्ये रंगवले. पेन्सिलीचे रेखाटन पाहणाऱ्या प्रत्येकाला आवडले. रंगवल्यावर मात्र तेच चित्र मळकट आणि प्लास्टिकसारखे दिसू लागले. कोणता ब्रश वापरावा, लेअर (एकावर एक ठेवलेले चित्राचे पारदर्शक थर) किती ठेवावेत आणि शेवटी पेन्सिलीची रेघ ठेवावी की काढून टाकावी, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे, परंतु ती शेवटाकडे येतील. कारण तुम्ही पाठवलेला स्कॅन आणि रंगवलेले चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर मला अडचण त्यांच्या आधीची दिसते. पेन्सिल एकाच करड्या रंगाने तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत असते. मुलीच्या गालाची कड सांगणारी रेघ, बुरुजाच्या खालची सावली दाखवणारे रेघांचे जाळे आणि तिच्या केसांचा मूळचा काळेपणा, हे सारे एकाच शिशाने काढलेले असते. कागदावर पाहताना आपला डोळा या तिन्ही गोष्टी आपोआप वेगळ्या करतो. संगणकाला मात्र तो भेद कळत नाही. तो स्कॅन जसाच्या तसा रंगाच्या वर ठेवला की कड, सावली आणि मूळ रंगाचा गडदपणा हे तिन्ही सारखेच ‘काळे’ म्हणून रंगात मिसळतात. रेखाटनातील ही तीन कामे एकमेकांपासून सोडवणे आणि पेन्सिलीने न घेतलेला उजेडाचा निर्णय आधी घेणे, हेच या चित्राचे खरे काम आहे. पुढे मी जे सांगणार आहे, ते सर्व या एका गोष्टीतून निघते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुमची शैली रेघेची असेल, म्हणजे सपाट रंग आणि त्यावर स्पष्ट रेषा अशी, तर खालील विवेचनातील निम्मा भाग तुम्हाला लागणार नाही. तुमचे चित्र फक्त पडद्यावर राहणार की एखाद्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर छापले जाणार, यावर आकार आणि रंग ठरतात. तुमचा संगणक किती मोठी फाईल सहज चालवतो, हाही साधा परंतु निर्णायक मुद्दा आहे. तुमच्या रेखाटनात छायांकन भरपूर आहे आणि धुक्यात विरघळणारी पार्श्वभूमी आहे. त्यावरून तुम्हाला रेघेपेक्षा रंगाने घडवलेले चित्र हवे आहे असे गृहीत धरून मी लिहिते.

स्कॅनपासून सुरुवात करू, कारण मळकटपणाचा पहिला हप्ता तिथेच जमा झालेला आहे. ए४ कागद ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल मिळतात आणि त्याच आकारात छापण्यासाठी ते पुरेसे असतात. तरीही मी ६०० डीपीआयवर स्कॅन करते. त्यातून ४९६० बाय ७०१६ पिक्सेल मिळतात, कागदाचा कण (खरखरीत पोत) आणि पेन्सिलीची रेघ एकमेकांपासून ओळखता येतात, आणि चित्र मोठे करावे लागले तरी अडत नाही. रंगवताना मात्र एवढा आकार प्रत्येक संगणकाला झेपत नाही. या मापाचा पूर्ण भरलेला एक रंगीत लेअर सुमारे १४० एमबी स्मृती व्यापतो, तर ३०० डीपीआयवर तो सुमारे ३५ एमबीवर येतो. म्हणून स्कॅन मोठा ठेवावा, सफाई त्यावर करावी आणि यंत्र अडखळू लागल्यास रंगवण्यासाठी त्याची लहान प्रत काढावी.

स्कॅनरमधील आपोआप उजळपणा वाढवणारे, धार वाढवणारे आणि पार्श्वभूमी पांढरी करणारे सगळे पर्याय बंद करावेत. त्यांना तुमची हलकी एचबीची रेघ आणि कागदावरचा डाग यांतला फरक कळत नाही. घरच्या पातळ स्कॅनरमध्ये काचेपासून थोडासा उचललेला कागदही धूसर येतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात कागद सादळून लाटा धरतो. तेव्हा झाकणावर एखादा जाड शब्दकोश ठेवणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे. ६बीसारख्या मऊ पेन्सिलीने दाबून भरलेला भाग शिशाच्या चकाकीमुळे स्कॅनमध्ये फिकट येऊ शकतो. तुमच्या शरभाच्या मानेखाली तसे झालेले आहे, त्यामुळे तेथील टोन, म्हणजे गडद-फिकटपणाची पातळी, मूळ कागद समोर ठेवूनच पुन्हा ठरवावा लागेल. झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून घेत असाल, तर ‘मजकूर’ किंवा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नव्हे तर ‘ग्रेस्केल’ किंवा ‘फोटो’ हा पर्याय निवडायला सांगावे आणि पीडीएफऐवजी टिफ किंवा पीएनजी फाईल मागावी. कागद ए३ असेल तर नकाशांचे प्रिंट काढणाऱ्या दुकानांतील मोठ्या यंत्राचा मोह होतो. परंतु ते यंत्र कागद रुळांमधून ओढून घेते आणि पेन्सिल फासली जाते. त्याआधी फिक्सेटिव्ह (पेन्सिल फासू नये म्हणून मारायचा फवारा) मारून घ्यावे, किंवा साध्या स्कॅनरवर दोन भागांत स्कॅन करून जोडावे.

आता मळकटपणाचा दुसरा आणि मोठा हप्ता. तुम्ही स्कॅनचा लेअर मल्टिप्लाय या मोडवर (वरचा लेअर खालच्यात मिसळण्याच्या एका पद्धतीवर) ठेवून त्याखाली रंग भरले आहेत. पद्धत चुकीची नाही, परंतु तिचे गणित समजून घ्यायला हवे. मल्टिप्लायमध्ये पांढरा म्हणजे १ आणि काळा म्हणजे ० असे धरून वरचा आणि खालचा आकडा गुणला जातो. वरचा भाग पूर्ण पांढरा असेल तरच खालचा रंग जसाच्या तसा दिसतो. तुमच्या स्कॅनमधील कोरा कागद पांढरा नाही. २५५ पैकी तो साधारण २३५ वर आहे, म्हणजे ०.९२. याचा अर्थ असा की जिथे एकही रेघ नाही तिथेसुद्धा प्रत्येक रंग सुमारे ८ टक्क्यांनी खाली उतरला आहे. शिवाय कागद किंचित पिवळसर असल्यामुळे आकाशासाठी निवडलेला निळा इतर रंगांपेक्षा अधिक मेला आहे. बुरुजाच्या सावलीत तर प्रकार आणखी गंभीर झाला आहे. तेथे पेन्सिलीचा टोन ०.६ आहे, खालचा दगडाचा रंग ०.५ आहे, आणि त्यावर तुम्ही सावलीसाठी वेगळा मल्टिप्लाय लेअर पुन्हा ०.६ च्या आसपास दिला आहे. तिन्हींचा गुणाकार ०.१८ होतो. एकच सावली दोनदा मोजली गेली, म्हणून तेथील दगड, शेवाळ आणि शरभाचा पंजा हे सारे एकाच काळ्या चिखलात बुडाले.

यावर माझ्या कामात मी स्कॅनच्या दोन प्रती करते. पहिल्या प्रतीवर लेव्हल्सने, म्हणजे काळे-पांढरे टोक ठरवणाऱ्या साधनाने, पांढऱ्याचा काटा आत सरकवून कागद पूर्ण पांढरा करते आणि काळ्याचा काटाही थोडा आत घेते. हलके छायांकन यात उडून जाते आणि मुख्यतः कडा उरतात. जे छायांकन उरते ते खोडरबराने, म्हणजे पांढऱ्या ब्रशने, हाताने काढून टाकते. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु त्याच वेळी प्रत्येक रेघेला ‘तू कड आहेस की सावली?’ असे विचारले जाते आणि रेखाटन नव्याने समजते. नंतर क्रिटातील ‘कलर टू अल्फा’ या फिल्टरने पांढरा पारदर्शक केला की फक्त रेघा हातात राहतात. फोटोशॉप, गिंप आणि क्लिप स्टुडिओमध्येही वेगवेगळ्या मार्गांनी हेच करता येते. दुसरी प्रत मूळ छायांकनासह जशीच्या तशी ठेवते, परंतु ती चित्रात मिसळत नाही. ती शेजारी संदर्भ म्हणून उघडी असते. तुमच्या रेखाटनातील उत्तम छायांकन वाया जाऊ नये ही भावना मला पूर्ण समजते. ते वाया जात नाही. ते पाहून तुम्ही रंगाने पुन्हा घडवता.

यानंतर रंगाला हात लावायचा नाही. आधी उजेड ठरवायचा. तुमच्या चित्रात दोन उजेड आहेत आणि सध्या त्यांपैकी कोणता कुठे राज्य करतो हे ठरलेले नाही. पहिला उजेड पावसाळी आकाशाचा. तो संपूर्ण आभाळातून येतो, त्याला ठरावीक दिशा नसते, म्हणून त्याच्या सावल्यांना धारदार कड नसते. दगडांच्या फटींत, पंजाखाली, परकराच्या घडीत जिथे आभाळ पोहोचत नाही, तिथे तेवढा अंधार साचतो. दुसरा उजेड कंदिलाचा. तो एका बिंदूतून येतो, त्याची सावली स्पष्ट असते आणि तो अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतो: अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो. मुलीचा चेहरा कंदिलापासून हातभर अंतरावर असेल आणि शरभाचा जबडा दोन हातांवर, तर जबड्यावर चेहऱ्याच्या चौथा हिस्साच उजेड पडायला हवा, आणि पाठीवर जवळजवळ काहीच नाही. तुम्ही संपूर्ण शरभावर सारखीच नारिंगी छटा पसरली आहे, म्हणून कंदील छोटा वाटत नाही आणि शरभ मोठा वाटत नाही. कल्पनाचित्रात प्राणी काल्पनिक असतो. उजेड काल्पनिक असून चालत नाही. तो खरा असेल तरच पाहणारा त्या प्राण्यावर विश्वास ठेवतो.

यासाठी दोन-अडीच इंचांच्या चौकटीत फक्त तीन टोनमध्ये लहान आराखडे करावेत: एक फिकट, एक मधला, एक गडद. ब्रश मोठा आणि कडक ठेवावा, म्हणजे तपशिलात शिरता येणार नाही. तुमच्या चित्रासाठी मी आकाश आणि खाडीचे पाणी फिकट, बुरूज आणि दूरची तिवरे मधल्या टोनमध्ये, आणि शरभाचे शरीर गडद असा एक आराखडा करून पाहीन. त्यात कंदिलाभोवतीचा मुलीचा चेहरा हा गडद भागातील एकमेव फिकट ठिपका होईल. दुसऱ्या आराखड्यात नेमके उलट करून पाहीन. असे तीन-चार आराखडे झाले की कोणता चालतो ते दुरूनच कळते. क्रिटामध्ये ‘एम’ दाबून चित्र आरशात उलटे करून पाहिले की तोल ढळला असेल तर तेही लगेच दिसते.

दूरच्या गोष्टींचा टोन ठरवण्यासाठी तुम्हाला पुस्तक लागणार नाही, कारण तुम्ही खाडीवरच राहता. पाऊस ओसरल्यानंतरच्या संध्याकाळी ऐरोलीच्या पुलावरून पश्चिमेकडे पाहावे. जवळची तिवरे काळपट हिरवी असतात, पलीकडच्या इमारती करड्या होतात आणि त्यांच्यामागची राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांची रांग जवळजवळ आकाशाच्याच टोनची होते. हवेतील थेंब आणि धूळ उजेड विखुरतात आणि तो विखुरलेला उजेड आपल्या आणि डोंगराच्या मध्ये येऊन बसतो. म्हणून अंतराबरोबर सर्वांत आधी काळे टोन नाहीसे होतात; फिकट टोन फार बदलत नाहीत. तुमच्या चित्रात दूरच्या डोंगराच्या घळीत जवळच्या दगडाइतकाच काळा रंग आहे. तेवढा काळा काढला तरी चित्रात अर्ध्या कोसाची हवा भरेल.

टोन ठरल्यानंतरही एक जुना वाद उरतो: संपूर्ण चित्र आधी करड्यात रंगवून त्यावर रंग चढवावा, की सुरुवातीपासून रंगातच काम करावे? करड्यातून जाण्याचा मार्ग शिकणाऱ्याला आधार देतो, हे खरे आहे. परंतु करड्यावर ‘कलर’ मोडने (जो फक्त रंगछटा देतो) रंग चढवला की खालचा गडद-फिकटपणा तसाच राहतो आणि उजेडात व सावलीत एकच रंग पसरतो. प्रत्यक्षात सावलीत रंग फक्त गडद होत नाही, तो बदलतोही. मुलीच्या गालाची कंदिलाकडची बाजू पिवळट नारिंगी असते आणि विरुद्ध बाजूवर आभाळाचा निळसर उजेड पडतो. केल्विनमध्ये उजेडाचा रंग मोजतात; आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळा. ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा असतो आणि ढगाळ आभाळाचा ६५०० केल्विनच्या आसपास. एवढ्या अंतरावरचे दोन उजेड एकाच चेहऱ्यावर असताना एकाच त्वचारंगाचे गडद आणि फिकट रूप पुरेसे होत नाही. म्हणून मी करड्याचा लहान आराखडा शेजारी ठेवते आणि मूळ चित्र थेट रंगात करते. तुम्हाला करड्यातूनच जायचे असेल, तर निदान ‘ग्रेडियंट मॅप’ (प्रत्येक टोनला ठरावीक रंग देणारे साधन) वापरून गडद टोनला थंड आणि फिकट टोनला उबदार रंग द्यावा आणि त्यानंतर वरून अपारदर्शक रंगाने पुन्हा रंगवावे.

रंग निवडताना एक सापळा आहे, त्यात बरेच जण अडकतात. रंगचक्राशेजारच्या एचएसव्ही पट्टीत (रंगछटा, तीव्रता आणि उजळपणा यांच्या पट्टीत) शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांची ‘व्हॅल्यू’ १०० दाखवली जाते. डोळ्याला मात्र त्या दोघांच्या उजळपणात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पडद्यावरील उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लाल रंगाचा २१ टक्के आणि निळ्याचा फक्त ७ टक्के असतो. त्यामुळे शुद्ध पिवळा पांढऱ्याच्या ९३ टक्के उजळ असतो आणि शुद्ध निळा ७ टक्केच. म्हणजे पट्टीवरील आकडा पाहून टोन जुळवला तर तो जुळतच नाही. यासाठी सर्वांत वर काळ्या रंगाने भरलेला एक लेअर ‘कलर’ मोडवर ठेवावा आणि अधूनमधून तो चालू करून चित्र करड्यात पाहावे. लहान आराखड्यात ठरलेले तीन टोन अजूनही तसेच दिसत असतील तर रंग कोणताही असो, चित्र उभे राहते.

तिन्हीसांजेच्या चित्रात आणखी एक गोष्ट मोलाची आहे. उजेड मंद झाला की डोळा लाल रंगाला कमी आणि निळ्या-हिरव्याला अधिक प्रतिसाद देऊ लागतो. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. तुमच्या मुलीचा परकर वरपासून खालपर्यंत सारखाच लालभडक आहे. कंदिलाजवळच्या भागात तो तसाच राहू द्यावा, परंतु घोट्याजवळ, जिथे फक्त आभाळाचा उजेड आहे, तिथे तो काळपट जांभळ्याकडे न्यावा आणि शेजारचे शेवाळ त्यापेक्षा फिकट ठेवावे. एवढ्या एका बदलाने वेळ सांगितली जाते.

आता प्लास्टिकसारखे का दिसते, याकडे येते. तुम्ही दगड, कातडी, कापड आणि कंदील या सगळ्यांवर मऊ एअरब्रशने सावली दिली आहे आणि सगळ्यांवर पांढरा चमकठिपका ठेवला आहे. सगळे पृष्ठभाग एकाच पद्धतीने उजेड परतवू लागले की ते एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसणारच. येऊरच्या बाजूला किंवा नवी मुंबईतील जुन्या गावठाणांच्या आसपास पावसात भिजलेली म्हैस नीट पाहावी. तिची पाठ काळी असते, परंतु तिच्यावरची चमक पांढरी नसते. ती आभाळाच्या रंगाची, निळसर करडी असते, आणि पाठ जिथे वळून आपल्या नजरेपासून दूर जाते त्या कडेला ती सर्वांत जास्त असते. ओल्या, काळ्या पृष्ठभागाला त्याचा स्वतःचा रंग दाखवण्यापेक्षा समोरचे आभाळ दाखवायचे असते. तुमच्या शरभाची पाठ अशी रंगवली की ती ओली, जड आणि जिवंत होईल. कंदील पितळेचा असेल तर त्याचा नियम वेगळा: धातू चमकेला स्वतःचा रंग देतो, म्हणून तेथील चमक पिवळीच राहते. बुरुजाचा काळा दगड ओला झाल्यावर गडद होतो आणि फक्त त्याच्या सपाट माथ्यावर आभाळ दिसते. त्या दगडाचा पोत पाहायचा असेल तर अंबरनाथच्या शिवमंदिरापेक्षा जवळचा आणि चांगला संदर्भ मिळणार नाही. १०६० सालचा शिलालेख असलेल्या त्या मंदिराच्या भिंतींवर पावसाने आणि काळाने दगडाची धार कुठे खाल्ली आहे आणि कुठे राखली आहे, ते हाताच्या अंतरावरून दिसते.

शरभाविषयीही दोन शब्द. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला आहे आणि काही ठिकाणी त्याच्या पंजांत हत्ती आहेत. तुम्ही त्याला पंख दिले आहेत, याला माझी हरकत नाही. परंतु पंख कोणत्या पक्ष्याचे, हे ठरवून रंगवावे. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतात. उडताना त्यांच्या पंखाची मागची कड काळी आणि पुढचा भाग गुलाबी दिसतो. पंखाची रचना अशी एखाद्या खऱ्या पक्ष्याकडून घेतली आणि रंग आपला ठेवला, तर पिसे नुसती एकावर एक रचलेली न दिसता उडण्यासाठी असलेली दिसतात.

प्लास्टिकपणाचे दुसरे कारण कडा. पेन्सिलीने प्रत्येक वस्तूला चहूबाजूंनी रेघ असते, आणि रंगवताना आपण त्या रेघेच्या आत इमानाने रंग भरतो. परिणामी चित्रातील प्रत्येक कड सारखीच स्पष्ट राहते आणि नजर कुठेच थांबत नाही. मुलीचा चेहरा, कंदील आणि शरभाचा डोळा या त्रिकोणात कडा धारदार ठेवाव्यात. बुरुजाचा मागचा भाग धुक्यात हरवू द्यावा. शरभाच्या पोटाखालची कड सावलीत पूर्ण नाहीशी झाली तरी चालेल, कारण पाहणारा ती मनाने पूर्ण करतो. माझ्या मते कडांचा हा निर्णय ब्रशच्या निवडीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे, आणि नवशिक्यांच्या चित्रांत तोच सर्वांत जास्त राहून जातो.

इथपर्यंतचा क्रम एकदा सांगते: मोठा आणि निर्लेप स्कॅन, त्यातून कडांची स्वच्छ प्रत, शेजारी छायांकनाची मूळ प्रत, तीन टोनचा आराखडा, मग सपाट रंग, त्यावर दोन उजेडांचा हिशेब, आणि शेवटी पृष्ठभाग व कडा.

आता तुमचे तीन प्रश्न. लेअर किती? रंगांचे थर वेगळे ठेवण्याची कल्पना संगणकाची नाही. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात शिळाछपाईसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड असे. तेथे प्रत्येक जादा दगडाला खर्च आणि श्रम लागत, म्हणून थर विचारपूर्वक ठरवले जात. संगणकावर लेअर फुकट मिळतो आणि आपण निर्णय पुढे ढकलत राहतो. तुमच्या फाईलमध्ये मुलीच्या बांगड्यांसाठीसुद्धा वेगळा लेअर आहे. मी तीन गट करते: मागचे, मधले आणि पुढचे. प्रत्येक गटात सर्वांत खाली सपाट रंगाचा एक लेअर असतो. तो भरताना निवडीची कड मऊ करणारा पर्याय बंद ठेवते, म्हणजे नंतर एका टिचकीने तो भाग स्वच्छ निवडता येतो. त्याच्यावर अल्फा वारसा (खालच्या आकाराबाहेर रंग जाऊ न देणारा पर्याय) चालू केलेले एक-दोन रंगकामाचे लेअर असतात. क्रिटात हा वारसा गटातील खालच्या सर्व लेअरकडून येतो, म्हणून प्रत्येक आकार त्याच्या स्वतःच्या गटात बांधणे आवश्यक आहे. त्याखेरीज वर रेघांचा एक लेअर, आणि शेवटी धुके व कंदिलाच्या प्रभेसाठी एक. चित्र निम्मे झाल्यावर शरभ आणि बुरूज जिथे एकमेकांना भिडतात तिथे मी लेअर एकत्र करून त्यांच्यावरून रंगवते, कारण दोन वस्तूंमधील कड दोन वेगळ्या लेअरवर असेपर्यंत ती कधीच नीट मऊ होत नाही.

ब्रश कोणता? एक कडक गोल ब्रश, ज्याची अपारदर्शकता दाबाने बदलते, आणि एक खडबडीत टोकाचा. मऊ एअरब्रश फक्त धुके आणि कंदिलाची प्रभा यांसाठी. ब्रशचा आकार तुम्ही वापरता त्याच्या दुप्पट ठेवावा आणि निम्मे काम होईपर्यंत चित्र पडद्यावर पूर्ण दिसेल एवढेच मोठे करून पाहावे.

रेघ ठेवावी की काढावी? ठेवावी, पण सगळीकडे नाही आणि काळी नाही. रेघांच्या लेअरवर अल्फा लॉक करून, म्हणजे रंग फक्त आधीच्या रेघांवरच बसेल असे करून, उजेडातील रेघा शेजारच्या रंगाच्या किंचित गडद छटेने आणि सावलीतील रेघा गडद तपकिरी किंवा निळसर रंगाने रंगवाव्यात. धुक्यातील रेघा पूर्ण काढाव्यात. मुलीचे केस, शरभाची आयाळ आणि पिसांची टोके येथे तुमच्या पेन्सिलीचा झपाटा फार सुंदर आहे. तेथील रेघ रंगाने झाकू नये. तसेच चित्र पूर्ण झाल्यावर मूळ स्कॅनमधील कोऱ्या कागदाचा कण अगदी कमी अपारदर्शकतेने ‘ओव्हरले’ मोडमध्ये (फिकट भाग उजळवणाऱ्या आणि गडद भाग गडद करणाऱ्या) संपूर्ण चित्रावर द्यावा. मात्र आधी त्याचा टोन मधल्या करड्यावर आणावा, म्हणजे चित्र उजळणार किंवा काळवंडणार नाही. हा कण आकाशाच्या मऊ छटांमध्ये दिसणारे पट्टेही मोडतो. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच असतात आणि तिन्हीसांजेच्या आकाशात त्या पायऱ्या उघड्या पडतात.

चित्र छापायचे असेल, तर शेवटपर्यंत आरजीबीमध्ये (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत) काम करावे आणि छापखान्याकडून त्यांची रंग-प्रोफाइल (त्यांच्या शाई-कागदावर रंग कसे उतरतात याची फाईल) मागून घेऊन क्रिटातील सॉफ्ट प्रूफिंगने, म्हणजे छपाई कशी दिसेल ते पडद्यावरच दाखवणाऱ्या सोयीने, अंदाज घ्यावा. उजळ निळे आणि हिरवे रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत) उतरत नाहीत, आणि कागदावर शाई थोडी पसरत असल्यामुळे गडद टोन आणखी भरून येतात. म्हणून शरभाच्या शरीरातील सर्वांत गडद दोन टोनमध्ये पडद्यावर गरजेपेक्षा थोडे अधिक अंतर ठेवावे. मुखपृष्ठ ज्या कागदावर छापले जाणार त्याच कागदावर लहान आकाराचा एक नमुना काढून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात, खिडकीशी उभे राहून तपासावा. कंदिलाची प्रभा कागदावर पडद्यासारखी झळकणार नाही, हे तेव्हा लक्षात येईल. त्या वेळी पिवळा अधिक भडक करण्याऐवजी प्रभेभोवतीचा भाग एक पायरी गडद करावा. कागदावर उजेड दाखवण्यासाठी तेवढीच जागा आपल्या हातात असते.